डाव्या भिंगातला डाग

खोन केन,
१६ जुलै

भंतेदादा, साष्टांग नमस्कार.

आईनं फोनवर तीनदा बजावलंय, खेम आता पावसाळ्याच्या तीन महिन्यांपुरता भिक्खू झालाय, वर्षावासात आहे, त्याला नुसतं 'दादा' म्हणायचं नाही आणि अरे-तुरे तर मुळीच नाही. म्हणून हे 'भंतेदादा', आणि म्हणून 'आपण'. तर आपण कसे आहात? आपल्याला एका वेळच्या जेवणावर झोप लागते का? आपल्या टकलावर डास बसतात का? बास, मला नाही जमत. 'तुम्ही' म्हणते, त्याच्या वर मला नेऊ नका.

तुमच्या त्या जंगलातल्या विहारात फोन चालत नाही, म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा हातानं पत्र लिहितेय. पोस्टातल्या बाईनं मला तिकीट कुठे चिकटवायचं ते दाखवलं. चोवीस वर्षांची घोडी, आणि तिकीट चिकटवता येत नाही!

आता कामाचं. माझा डबा बिघडलाय. (शेजारी कुणी भिक्खू वाचत असतील तर त्यांना सांगा, डबा म्हणजे डोक्याला बांधायचा व्हीआरचा हेडसेट, जेवणाचा नव्हे.) तुम्ही दोन मोडक्या डब्यांतून जोडून दिलेला तोच. डाव्या भिंगात खाली, नाकाच्या बाजूला, काळपट डाग दिसतो. बोट फिरवलं, कापड फिरवलं, जात नाही. शिवाय आत धूळ गेली असणार, कारण बारीक काळे ठिपके तरंगतात. आणि डाव्या कडेला अधूनमधून उजेड चमकून जातो, पडद्याचे दिवस भरलेत असं वाटतं.

एरवी मी सांभाळून घेतलं असतं. पण २ ऑगस्टला शनिवारी आमच्याच मॉलमध्ये ईशान्य थायलंडची अंतिम फेरी आहे. आभासी मुआय-थाय, डबा लावून लाथाबुक्क्या. मी शेवटच्या चारांत आहे, दादा! जिंकले तर बँकॉकच्या संघात जागा, पगारासकट. इथे गेमच्या हॉलमध्ये लोकांच्या घामेजलेल्या डब्यांवर फडकं मारायचं काम सुटेल. शेवटच्या सामन्यात समोर उदोनची ती फाच येणार, तिचा डबा यंदाचा नवा कोरा. ती लाथ उचलते ती मला दिसेपर्यंत लागलेली असते.

मालकीणबाई म्हणतात, नवा घेतेस तर कामगारांच्या दरात देते, पगारातून कापून घेईन, पण २५ तारखेपर्यंत सांग. हॉलमधले सगळे म्हणतात घे. माझा जीव होत नाही. तुमच्याइतकं डब्यातलं कुणाला कळत नाही, म्हणून विचारते. घेऊ की नको?

आणि विचारायच्या आधीच सांगते, मी डबा कुठेही आपटलेला नाही.

तुमची (भिक्खूंना बहीण असते ना?)
यीवा

—

अरण्यविहार, लोई,
२१ जुलै

यीवा,

तुझं कल्याण होवो. भिक्खूंना बहीण असते, आणि ती अशी असली तर सहनशीलतेचा सराव आपोआप होतो.

तुझं पत्र काल चानकाका घेऊन आले. हे विहाराचे कारभारी, दोन दिवसांआड खालच्या गावातून भाजी आणि टपाल घेऊन डोंगर चढतात. खेळाबद्दल लिहावं की नाही या विचारानं मी थोरल्या भंतेंना विचारलं. ते म्हणाले, कुणी शंका विचारली तर उत्तर द्यावं. म्हणून देतो.

इथे तीनला उठतो. झाडलोट, मग लाल चिखलातून भिक्षेला. पायाला जळवा लागतात, त्यांनाही मारायचं नाही, अलगद सोडवायच्या. ध्यानाला बसतो तर दहा मिनिटांत तुझ्या हॉलमधल्या सगळ्या तुटक्या डब्यांची रांग डोळ्यांपुढे उभी राहते. आईला हे सांगू नकोस. भिक्खू झालेल्या मुलाच्या भगव्या चीवराचं टोक धरून आई स्वर्गात जाते म्हणतात, त्याच भरवशावर ती आहे, तिला मध्येच भीती नको वाटायला.

आता डबा. नवा घेऊ नकोस. अजिबात नको. तो डबा मी जोडलाय, त्याची नस न् नस मला माहीत आहे. ऐक.

खाली नाकाच्या बाजूचा डाग म्हणजे नाकाजवळची फट. आपल्या लोकांची नाकं बसकी, आणि डबे बनवणाऱ्यांनी कुणाची नाकं मापली होती देव जाणे. तिथून उजेड आत येतो आणि त्याची सावली भिंगावर पडते. जुन्या मोज्याचं कापड दुमडून ती फट बुजव. तुझा नऊ नंबरचा चष्मा आहे म्हणून मी आत जास्तीची भिंगं बसवली होती, त्यातलं डावं सरकलं असेल तर तेही दाबून बसव. ठिपके म्हणजे धूळ, ती दोन काचांच्या मध्ये जाते, बाहेरून पुसून निघत नाही. चमक म्हणजे डावीकडची तारांची पट्टी सैल झाली, तो पडदा काही महिने सहज काढेल.

एकेक भिंग वेगळं तपासायचं. उजवा डोळा मिटून डावं बघ, मग उलट. म्हणजे नेमकं कळेल. ऑक्टोबरात वर्षावास संपला की मी येतो, उघडतो, धुवून पुसून देतो. तोवर याच्यावरच खेळ. फाला हरवायला डबा लागत नाही, उजवा पाय लागतो, आणि तो तुझ्याकडे आहे.

दोन पानं झाली की! महिनाभरात एवढं सलग मन कुठे लागलं नव्हतं. विचारलंस, बरं वाटलं.

खेम

—

खोन केन,
२६ जुलै

भंतेदादा,

रागावू नका. घेतला. परवा, चोवीस तारखेला.

पण आधी तुमचं सगळं करून पाहिलं, शपथ. मोज्याचं कापड कोंबलं, नाक लाल झालं. भिंग दाबलं. एकेक डोळा मिटून बघितलं, डाग डाव्यातच, उजवं लख्ख. आणि फट बुजवूनही डाग जायच्या ऐवजी वाढला. आधी कोपऱ्यात होता, आता खालून पडदा वर ओढावा तसा वर येतोय. उपांत्य फेरीत डाव्या भिंगात माझ्या प्रतिस्पर्ध्याचे पायच दिसत नव्हते, नुसत्या उजव्यावर लाथ किती जवळ आली ते कळेना. गुडघ्यापासून खाली माणूस नाही! खांद्यांवरून अंदाज घेत कशीबशी जिंकले, पण फा असं जिंकू देणार नाही. म्हणून गेले मालकीणबाईंकडे आणि सही केली.

आणि आता हसा. नवा कोरा, खोक्यातून काढलेला, वरचं प्लॅस्टिक मी माझ्या हातानं सोललं. डोक्याला लावला. तोच डाग! डावं भिंग, तीच बाजू, तेवढाच. मी दुकानात ओरडलेच. मालकीणबाईंनी लावून बघितला, त्यांना काही दिसेना. त्या साठीच्या, त्यांना काय दिसणार म्हणा. तरी भल्या बाई, म्हणाल्या ही खेपच खराब आली असेल, ३१ ला दुसरा मागवते. म्हणजे सामन्याच्या दोन दिवस आधी हातात येणार, सवय कधी करू? माझ्या नशिबाला डावी बाजूच नाही.

खरं सांगायचं तर तुमच्यावर चिडलेय. फट, धूळ, पट्टी! तू लांब बसून काय वाट्टेल ते लिहितोस. एवढं कळतं तर ये ना एकदा, आणि घालून बघ स्वतः. (हे 'तू' आईला सांगू नका.)

आणखी एक. आता लपवून काय करू, डबा तर बदललाच. तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी मी पडले होते. खोली एवढीशी, डब्यातली ती 'पुढे भिंत आहे' सांगणारी निळी हद्दरेषा सारखी मध्ये येते, म्हणून मी ती बंद करून खेळत होते. गुडघा मारायला पुढे झाले ती थेट लोखंडी कपाटावर, डाव्या कपाळानं. भुवईला टेंगूळ आलं, बर्फ लावला, आठवड्यात गेलं. डबा मात्र सुखरूप, एक ओरखडासुद्धा नाही. म्हणून 'आपटला नाही' असं लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. डबा नाही आपटला. मी आपटले.

आईला यातलं काही बोलू नका.

यीवा

—

अरण्यविहार,
२९ जुलै, संध्याकाळ

यीवा,

हे वाचताना डोक्याला काही लावलेलं असेल तर काढ. उजवा डोळा तळहातानं पूर्ण झाक. दाबू नकोस, नुसता झाक. आता डाव्या डोळ्यानं समोरच्या भिंतीकडे बघ. डब्यातून नव्हे. नुसत्या चष्म्यातून.

भिंतीवरही डाग आहे का?

तुझं पत्र आज दुपारी आलं. थोरले भंते ओट्यावर बांबूचे खराटे बांधत बसले होते, मी त्यांना खराट्याच्या काड्या देत होतो आणि पत्र वाचून दाखवत होतो. नव्या डब्यांच्या खराब खेपेला मी चांगला पाव तास शिव्या दिल्या असतील, म्हणजे भिक्खूला शोभतील तेवढ्याच. थोरल्या भंतेंनी आयुष्यात डबा पाहिलेला नाही. खराट्याची गाठ आवळली आणि विचारलं, "जुना डबा कुणी लावला होता?"

"माझ्या बहिणीनं."

"आणि नवा?"

"तिनंच."

"दुसऱ्या बाईनं लावला तेव्हा डाग होता?"

माझ्या हातातल्या काड्या खाली पडल्या. यीवा, सहा वर्षं मी डबे दुरुस्त केले. डागाची तक्रार आली की भिंग, पडदा, पट्टी, फट, एवढंच मला दिसतं. डब्याच्या पलीकडे एक डोळा असतो हे माझ्या गावीच नव्हतं. तुला नऊ नंबर, तू डोक्यावर पडलीस, ठिपके, चमक, खालून चढणारा पडदा. थोरले भंते म्हणाले, चानकाकांच्या धाकट्या भावाला अगदी असंच झालं होतं. डोळ्याच्या आतला पडदा सुटतो. त्यानं पंधरा दिवस थेंब घालून काढले. त्याचा तो डोळा गेला.

चानकाका मोबाईल घेऊन टेकडीवर गेले, तुला सात वेळा फोन लावला. तू उचलला नाहीस. अनोळखी नंबर, फसवणारी टोळी असणार असं समजून हल्ली कुणीच उचलत नाही, मीही नसता उचलला. मेसेज पाठवला, तोही तू न वाचता पुसला असशील. म्हणून हे पत्र उद्या पहाटेच्या गाडीच्या चालकाकडे देतोय. गाडीतळ तुमच्या मॉलच्या मागेच, तो तुझ्या हॉलमध्ये आणून देईल.

भिंतीवर डाग दिसला तर आहेस तशी उठ आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. डोळ्यांच्या विभागात जाऊन सांग, पडदा चढतोय. रांगेत बसू नकोस, ओरड. ओरडायला तुला शिकवावं लागत नाही.

मला यायचंय. पण वर्षावासात विहार सोडायचा नियम कडक आहे. आई-बाप आजारी असले तर न बोलावता सात दिवस जाता येतं. भाऊ-बहीण असेल तर तिनं बोलवायला लागतं. तेव्हा मला बोलाव. दोन शब्द लिही आणि त्याच चालकाकडे दे, तो संध्याकाळी परततो.

खेम

—

खोन केन,
३० जुलै, दुपार

दादा,

भिंतीवर आपलं कॅलेंडर आहे ना, मालकीणबाईंनी दिलेलं. डाव्या डोळ्यानं बघितलं. वरचं चित्र आहे. खालच्या तारखा नाहीत. कॅलेंडरच्या खालची भिंतही नाही. दोन्ही डोळे उघडले की सगळं परत येतं, म्हणून मला इतके दिवस कळलंच नाही. रस्त्यानं चालताना कोण एक डोळा मिटून चालतं?

तीनदा बघितलं. तीनही वेळा नाही.

पण ऐक, मला बोलू दे. आज बुधवार. सामना शनिवारी दुपारी. मध्ये फक्त दोन दिवस. हे मला पंधरा दिवसांपासून आहे, मग अजून दोन दिवसांनी असं काय आकाश कोसळणार आहे? आत्ता गेले तर ते दाखल करतील, आणि शनिवारी फा मोकळ्या रिंगणात एकटी उभी राहून हात वर करेल. पुन्हा अशी संधी कधी यायची? मी आत्तापर्यंत कशात शेवटच्या चारांत आले होते सांग बरं. शाळेत नाही, कुठे नाही. लोकांचा घाम पुसत पुसत मी इथवर आलेय.

उजव्या डोळ्यानं खेळेन. शनिवारी खेळते, रविवारी पहाटे रुग्णालयाच्या दारात उभी असते. शपथ.

आणि तू येऊ नकोस. मी बोलावत नाही. आईनं तुझ्या या तीन महिन्यांची पंचवीस वर्षं वाट बघितलीय. सगळ्या गावाला जेवण घातलं तिनं. माझ्यापायी तुझा वर्षावास मोडला तर ती मला काही म्हणणार नाही, नुसती गप्प बसेल, आणि ते मला सहन व्हायचं नाही.

रविवारी. नक्की.

यीवा

—

अरण्यविहार,
३१ जुलै, पहाट

यीवा,

कागद छोटा आहे, गाडी सुटतेय.

तुझी चिठ्ठी मी थोरल्या भंतेंसमोर ठेवली. 'मी बोलावत नाही' असं तू ठसठशीत लिहून ठेवलंयस, आता काय करू म्हणालो. त्यांनी आधीचं पत्र मागितलं. चष्मा लावून स्वतः वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं. 'ये ना एकदा, आणि घालून बघ.' म्हणाले, "हे बोलावणं आहे. रागात केलेलं असलं तरी बोलावणंच. आलेलं बोलावणं नंतर परत घेता येतं असं नियमात कुठे लिहिलेलं मला तरी आठवत नाही."

वर्षावास मोडत नाही. सात दिवसांत परत आलो की झालं. आईला चानकाका फोन करताहेत, रोइ-एतहून ती आज निघेल. मी पैसे बाळगत नाही, म्हणून तेच माझं तिकीट काढून बरोबर येताहेत. दुपारी पोचतो.

तोवर उडी मारू नकोस. वाकू नकोस. वजन उचलू नकोस. आज तो तिसरा डबा येईल, त्याचं खोकं उघडूसुद्धा नकोस. तू मला शिव्या दे, जन्मभर बोलू नकोस, पण स्वतःहून रुग्णालयात जाणार नसशील तर दुपारपर्यंत खुर्चीवर ताठ बसून राहा.

शनिवारपर्यंत नाही, यीवा. एक तासही नाही.

खेम

—

अरण्यविहार,
७ ऑगस्ट

यीवा,

काल सूर्य मावळायच्या आत पोचलो. सातवी पहाट विहाराबाहेर उजाडली असती तर सगळं फुकट गेलं असतं. आई तुझ्याजवळ आहे, ती हे तुला वाचून दाखवेल, म्हणून जपून लिहिणार होतो. मग ठरवलं, जपून लिहायचं नाही. आईसमोरच सांगतो.

मी हॉलमध्ये आलो तेव्हा तू खुर्चीवर ताठ बसली होतीस आणि तिसऱ्या डब्याचं खोकं मांडीवर धरून रडत होतीस. उघडलं नव्हतंस. त्या एका गोष्टीसाठी मी रोज सकाळी तुझं नाव घेतो. वाटेत तू मला इतकी बोललीस की चानकाका खिडकीबाहेर बघत बसले. बोललीस ते सगळं बरोबर होतं.

तुला आत नेऊन भूल दिली, तेव्हा डॉक्टरीणबाई मला बाहेर भेटल्या. मी विचारलं, आठ-दहा दिवस आधी आलो असतो तर? त्यांनी माझं चीवर बघितलं, खरं सांगावं की नाही असा विचार केला, आणि सांगितलं. सुरुवातीला डोळ्यातल्या पडद्याला फक्त भोक पडलं असणार. तेव्हा आली असती तर बसल्या बसल्या दहा मिनिटांचं लेसर होतं, त्याच दिवशी घरी. आता पडदा मधल्या भागापर्यंत सुटलाय. चिकटवू, पण किती दिसेल ते सांगता येत नाही.

तुझं पहिलं पत्र मला २० ला मिळालं होतं. २१ ला मी तुला मोज्याचं कापड कोंबायला सांगितलं. दोन पानं भरून. मजेत. तुझा डोळा आत सुटत होता आणि मी बसक्या नाकांवर विनोद करत होतो. एक ओळ लिहायची होती, 'डोळा दाखवून ये'. ती मला सुचली नाही, कारण तुझ्या पत्रात मला तू दिसलीच नव्हतीस, नुसता माझा डबा दिसला.

दुसरी गोष्ट. आत नेताना तू हात लांब केलास आणि म्हणालीस, "दादा, हात दे." कुणीतरी तुझा हात धरला. दार येईपर्यंत तू तो घट्ट धरून होतीस. तो माझा नव्हता. बाईमाणसाला मी शिवू शकत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मी दोन पावलांवर हात जोडून उभा होतो. तुझा हात हवेत राहिला ते बघून तिथल्या सफाईच्या बाईंनी बादली खाली ठेवली, हात पुसले आणि धरला. तुला वाटलं मीच. मग डोळ्यात भरलेल्या हवेनं पडदा दाबला जावा म्हणून पाच दिवस तू पालथी पडून होतीस, मी भिंतीशी बसून होतो आणि सांगायचं धाडस झालं नाही.

मी थोरल्या भंतेंशी बोललोय. ऑक्टोबरात चीवर उतरवणार नाही. इथेच राहीन म्हणतो. हॉलमध्ये परत जाऊन स्क्रूड्रायव्हर हातात धरायची मला लाज वाटते. आईलाही यात आनंदच होईल. तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली की काय दिसतं ते मात्र कळव, जे असेल ते.

खेम

—

खोन केन,
३० ऑगस्ट

दादा,

मुद्दाम 'दादा' लिहिलंय. आई शेजारी बसून बघतेय आणि काही म्हणत नाहीये.

तुझं पत्र तिनं वाचून दाखवलं त्या दिवशी मी पालथी होते, उशीला भोक पाडून त्यात तोंड खुपसून. आठ दिवस जमिनीवरच्या फरशा मोजल्या. रडायलाही नीट येत नाही त्या अवस्थेत, सगळं नाकातून वाहतं. म्हणून रागावलेच. तो राग आज कागदावर काढते, कारण आज पहिल्यांदा तासभर बसून लिहायची परवानगी मिळालीय.

आधी हाताचं. मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या अंगठ्यावर तारा जोडताना भाजल्याचा चट्टा आहे, मी लहानपणापासून तो हात धरत आलेय. त्या हाताला चट्टा नव्हता, साबणाचा वास होता आणि करंगळीत अंगठी होती. तू शेजारी उभा आहेस हे तुझ्या श्वासावरून कळत होतं. धरता येत नाहीये म्हणून तुझा श्वास कसा चालला होता ते मी ऐकलंय. ते पुरलं मला. त्या बाईंचं नाव बुआन-सी. आई त्यांना रोज चिकटभात नेऊन देते.

आता दुसरं. दहा मिनिटांचं लेसर म्हणे. सगळा हिशोब तू एकट्यानं स्वतःच्या नावावर लावून घेतलास, भिक्खूंना एवढा लोभ बरा नाही. टेंगूळ आलं तेव्हा मी कुणाला सांगितलं? 'आपटला नाही' असं लिहिणारी कोण? तुझं मोज्याचं उत्तर यायच्या आधीच, १९ तारखेला, मी अंघोळीला चष्मा काढला होता, डाव्या डोळ्यात साबण गेला म्हणून उजवा मिटला, आणि बादलीचा तळ मला दिसला नव्हता. डबा नव्हता डोक्यावर. साबण असेल म्हणाले आणि दोन्ही डोळे उघडले. तुला लिहिलं नाही. स्वतःलाही सांगितलं नाही, कारण डबा बिघडला तर बदलता येतो आणि डोळा बिघडला तर सामना जातो. तुझ्याकडून मला 'घे नवा' एवढंच ऐकायचं होतं. तू डोळ्याबद्दल लिहिलं असतंस तर मी ते पत्र उशाखाली घातलं असतं. मला ओळखत नाहीस का तू? कॅलेंडर अर्धं गायब झाल्यावर शनिवारी खेळते म्हणणारी मी!

त्यामुळे माझ्या डोळ्यापायी जन्मभर भिक्खू राहायचं नाही. तुला तिथे राहायचं असेल तर तुझ्या मनानं राहा, खराटे बांध, जळवा सोडव, मी दर पौर्णिमेला भात घेऊन येईन. पण लाज वाटते म्हणून राहणार असशील तर मी स्वतः डोंगर चढून येईन, आणि तुझ्या थोरल्या भंतेंसमोर तुला काय काय बोलेन ते आत्ता लिहीत नाही. आई म्हणते, तिच्या स्वर्गाला तीन महिने पुरेसे आहेत. हे तिचे शब्द. मी विचारून लिहिलेत.

फा जिंकली. बँकॉकला गेली. जायच्या आधी रुग्णालयात आली होती, पेरू घेऊन. म्हणाली, उपांत्य फेरीत तू नुसत्या खांद्यांवरून खेळलीस हे मला आता कळलं, मला नसतं जमलं. मग दोघी बसून पेरू खाल्ले. ती गेल्यावर मी खूप रडले, ते लपवत नाही. बुआन-सीताई म्हणाल्या रडू नकोस, डोळ्याला त्रास होईल. म्हणून अर्धंच रडले.

नवा डबा मालकीणबाईंनी परत घेतला, पगारातलं कापलेलं सोडून दिलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, निदान सहा महिने उड्या नाहीत, बुक्के नाहीत, डबा तर नाहीच. आणि पुढेही दोन डोळ्यांना वेगवेगळं दिसलं तर डब्यातलं अंतर मला पूर्वीसारखं कळणार नाही, म्हणजे मुआय-थाय बहुतेक संपलंच. ऐकताना मी खाली बघत होते. आईनं पाठीवर हात ठेवला होता.

तू विचारलंस, काय दिसतं. आज सकाळी तपासणी होती. उजवा डोळा झाकला, डाव्यानं पाटी वाचायला सांगितली. वरची दोन अक्षरं वाचली, मग सगळी गर्दी. सरळ रेघा वाकड्या दिसतात, दाराची चौकट पाण्यातून बघावी तशी. बाई म्हणाल्या, अजून थोडं सुधारेल, पूर्ण नाही. मी विचारलं, काळा पडदा परत येईल का? म्हणाल्या, आतला पडदा चिकटलाय, तो काळा पडदा आता गेला.

घरी आले आणि तुझा तो भिक्षापात्र घेतलेला फोटो भिंतीवरून काढला. उजवा डोळा झाकला. दादा, तुझं टक्कल एका बाजूला कललंय, नाक गालावर गेलंय, कान एक वर एक खाली. चांगली पाच मिनिटं बघत होते तुझ्याकडे. वाकडा दिसतोस. पण पायांपर्यंत सगळा दिसतोस.

तुझी
यीवा